झाकण उघडायचं नाही

झाकण उचललं तशी वाफ थेट चेकरसाहेबांच्या चष्म्यावर बसली आणि त्यांना काही म्हणता काही दिसेना. एका हातात झाकण धरून दुसऱ्या हाताने त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि भांड्यातल्या एका तुकड्याला काटा टोचला. काटा आत जाईना. दुसऱ्या तुकड्याला टोचला. तोही तसाच, चामड्याच्या वहाणेसारखा.

"पुन्हा उघडलंत ना?" दारातून आवाज आला.

खालच्या मजल्यावरच्या टेलरवहिनी उभ्या होत्या. गळ्यात मापाची टेप आणि हातात चेकरसाहेबांच्या उशीची शिवून आणलेली खोळ.

"नुसतं बघितलं," चेकरसाहेब म्हणाले.

"सकाळपासून कितीदा नुसतं बघितलंत, भाऊजी?"

चेकरसाहेबांनी झाकण पाठीमागे धरलं. खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं सांगायची सोय नव्हती.

"अहो, तुमच्या लेकीने बजावून सांगितलंय ना? झाकण उघडलं की आतली वाफ जाते. ती पुन्हा जमेपर्यंत या तुमच्या विजेच्या गोगलगाईला किती वेळ लागतो माहितीय? तुम्ही आपले उघडताय, ती आपली जमवतेय. असंच चाललं तर ते मटण पुढच्या वर्षी शिजेल."

"शिजतंय का नाही, हे न बघता कळणार कसं?"

"ठेवायचा विश्वास!"

विश्वास! चेकरसाहेबांना एकवेळ पर्वत उचलायला सांगितला असता तरी त्यांनी प्रयत्न केला असता. बस कंपनीत तिकीट तपासनीस म्हणून त्यांचा उभा जन्म गेला होता. मधल्याच एखाद्या थांब्यावर गाडीत चढायचं आणि एकेकाला तिकीट मागायचं, हे त्यांचं काम. म्हातारी असो, ओळखीचा असो, झोपलेला असो, तिकीट दाखवायचं, नाहीतर उतरायचं. निवृत्त होऊन काळ लोटला, पण तपासणं काही सुटलं नाही. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, रस्त्यापर्यंत जाऊन पुन्हा वर येऊन चौथ्यांदा ओढायचे. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं छळत होता. बायको होती तेव्हा म्हणायची, "लग्नात अंतरपाट दूर झाल्या झाल्या यांनी माझं तिकीट मागितलं नाही, हेच नशीब." सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणायची आणि चेकरसाहेबही खुशाल हसायचे.

ती गेली. आणि जो माणूस कुलूप चौथ्यांदा ओढून बघायचा, तोच एका दुपारी गॅसवर दूध ठेवून खुर्चीत झोपी गेला.

दूध उतू गेलं, आटलं, जळलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं, धूर जिन्यापर्यंत आला आणि टेलरवहिनी शिलाई तशीच टाकून वर धावल्या, म्हणून निभावलं. वहिनींनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, चेकरसाहेबांना पाणी दिलं आणि मग त्यांच्या लेकीला फोन केला. तो फोन केल्याबद्दल चेकरसाहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी सदऱ्याचं बटण तुटलं, तेव्हा बोलावंच लागलं.

लेक दुधाच्या डेअरीत प्रयोगशाळेत होती. आलेलं दूध तपासायचं, चांगलं असेल तर पुढे सोडायचं, संशय आला तर अख्खा टँकर परत. बापाचाच धंदा तिने बसमधून दुधात नेला, असं जावई म्हणत असे. ती आली, तिने काळं पातेलं उलटसुलट करून पाहिलं आणि त्याच संध्याकाळी गॅसची शेगडी उचलून नेली; चहापाण्यापुरती विजेची किटली तेवढी ठेवली.

"बाबा, आता पुरे झालं. आमच्याकडची मागची खोली रिकामी केलीय मी. पिल्लूची खेळणी हॉलमध्ये हलवली. महिनाअखेर तुमचं सामान न्यायचं."

"मी येत नाही."

"का नाही? काय आहे इथे?"

चेकरसाहेबांना पटकन सांगता येईना. घर म्हणजे दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा बसथांबा दिसायचा. त्या खिडकीशी उभी राहून बायको त्यांची वाट बघायची; तिच्या कोपरांनी खिडकीच्या कट्ट्याचा रंग दोन ठिकाणी गेला होता. ते सकाळी अंधारात बाहेर पडायचे, रात्री जेवायला आणि झोपायला परत यायचे. निवृत्त झाल्यावर आरामात दोघं राहू, असं ठरलं होतं. त्यातला एक जण राहिला.

"आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गाड्यांत उभा होतो," ते शेवटी म्हणाले. "या घरात राहायचं माझं राहूनच गेलंय. आता कुठे राहतोय."

लेकीचे डोळे भरून आले, पण तिने मान हलवली. "आणि पुन्हा झोप लागली तर? मी तिथे कामावर काय जिवाला घोर लावून बसू?"

जावई कमी बोलणारा होता. तो चष्म्याच्या दुकानात होता आणि दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट दिसतं की हे?' असं विचारून त्याचं बोलणं संपून जात असावं. त्या दिवशी मात्र तोच बोलला. त्यांच्याकडे एक स्लो कुकर पडून होता. विजेवर चालतो, ज्योत नाही, धूर नाही. सकाळी सगळं आत टाकायचं, संध्याकाळपर्यंत मंद आचेवर आपोआप शिजतं. झोप लागली तरी काही जळत नाही. "तो बाबांना देऊ. येत्या रविवारनंतरच्या रविवारी आपण इथे जेवायला येऊ. बाबांनी त्यात स्वतः मटण शिजवून आपल्याला घालायचं. जमलं तर खोलीचा विषय बंद. नाही जमलं तर बाबांनी मुकाट्याने यायचं. काय?"

"कबूल," चेकरसाहेब म्हणाले. लेकीनेही नाइलाजाने मान डोलावली, आणि जाण्यापूर्वी भांडं कसं वापरायचं यावर अख्खी शिकवणी घेतली.

"बाबा, एक गोष्ट लक्षात ठेवा. गार ठीक, कडक गरम ठीक. कोमट वाईट. कोमटात जंतूंचं फावतं. मटण शेवटच्या मिनिटापर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचं, ओट्यावर नाही. बर्फ झालेलं असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवायचं. सुरुवातीला आचेची खुंटी मोठ्यावर, भांडं चांगलं तापलं की मग लहान. भांडं गळ्यापर्यंत भरायचं नाही. उरलेलं यात परत तापवायचं नाही, वहिनींच्या शेगडीवर खळखळून उकळायचं. आणि झाकण उघडायचं नाही."

"आणि वीज गेली तर?"

"तुम्ही घरात असाल आणि जरा वेळच गेली, तर वहिनींच्या गॅसवर चढवून पुरं शिजवा. तुम्ही घरात नसाल आणि किती वेळ गेली होती माहीत नसेल, तर बघायचं नाही, चाखायचं नाही, वास घ्यायचा नाही. टाकून द्यायचं. वास चांगला येतोय म्हणून चांगलं असतं, असं नाही."

पहिल्या खेपेला चेकरसाहेबांनी फ्रीजरमधला दगडासारखा गोळा तसाच भांड्यात टाकला आणि फोनवर लेकीला मोठ्या अभिमानाने सांगितलं. लेक फोनवरच किंचाळली. तो गोळा दुपारभर कोमट पाण्यात पोहत होता, तो टाकावा लागला. दुसऱ्या खेपेला चेकरसाहेबांनी झाकण इतक्यांदा उचललं की संध्याकाळी त्यांनी पाव चहात बुडवून खाल्ला. आजची तिसरी खेप. आणि रविवार आता परवावर आला होता.

टेलरवहिनींनी उशीची खोळ खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्या हातातलं झाकण काढून भांड्यावर ठेवलं.

इतक्यात फोन वाजला. "बाबा, जेवलात? भांडं लावलंय? आच लहान केलीत? नळ बंद आहे ना? दार लावून घेतलंत?" सकाळपासूनचा हा तिसरा फोन. गॅसच्या त्या दुपारनंतर लेकीचे फोन असेच येत. चेकरसाहेब प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत गेले आणि फोन ठेवून वैतागले.

"मी काय शाळेतलं पोर आहे? घटकेघटकेला चौकशी! मला सुखाने बसू देईल तर शपथ."

"खाण तशी माती," टेलरवहिनी म्हणाल्या. "तिचंही झाकण उघडून बघणंच चाललंय की."

चेकरसाहेबांना ते झोंबलं.

"माझं ऐकता का?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही घरात असेपर्यंत ते झाकण काही जागेवर राहायचं नाही. रविवारी मटण लावा आणि तुम्हीच बाहेर चालते व्हा. घराची किल्ली माझ्याकडे द्या. चहाच्या वेळेपर्यंत मी ती तुम्हाला देणार नाही, पाया पडलात तरी."

औषध कडू होतं, पण रोगाला लागू पडणारं होतं.

शनिवारी चेकरसाहेब मटणाच्या दुकानात गेले. एरवी ते निवडून निवडून मांडीचं मटण घेत, तेही तराजूकडे डोळे वटारून. आज म्हणाले, "मान दे. आणि नळ्या."

मटणवाल्याने सुरी थांबवली. "साहेब, मान चिवट असते. स्वस्त आहे ते ठीक, पण चावायला दात आहेत का?"

"दात नाहीत. भांडं आहे," चेकरसाहेब म्हणाले आणि दुकानातली सगळी माणसं हसली. तेव्हा त्यांना बरं वाटलं. घरी येताना त्यांच्या लक्षात आलं, की बायकोही मानच आणायची. एका पगारात महिना काढायचा तर दुसरं काय आणणार? सकाळपासून बारीक विस्तवावर ठेवायची, आणि रात्री ते घरात शिरले की आधी पातेल्यावरचं झाकण उचलायचे. ती त्यांच्या हातावर पळी मारायची. "शिजलंय हो! तपासू नका!" इतकी वर्षं ते मऊ मटण खाल्लं, पण ते मऊ करायला तिचा अख्खा दिवस जायचा, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी खाली कांद्याचे आणि बटाट्याचे जाड काप रचले, वर मान आणि नळ्या, लसूण, मिरी, मीठ, बेताचं पाणी. खुंटी मोठ्यावर ठेवून समोर खुर्ची टाकून बसले. काचेच्या झाकणावर आतून थेंब जमले. भांडं चांगलं तापलं, कडेने बुडबुडे दिसायला लागले, तेव्हा त्यांनी खुंटी लहानवर आणली. हात झाकणाच्या मुठीपर्यंत गेला. मग त्यांनी तो हात खिशात घातला, कुलूप लावलं, तीनदा ओढलं आणि खाली जाऊन किल्ली टेलरवहिनींच्या हातावर ठेवली. वहिनींनी ती बटणांच्या डब्यात टाकून डब्याचं झाकण लावलं.

"आता हे पण उघडायचं नाही," त्या म्हणाल्या.

जायचं कुठे? चेकरसाहेबांना एकच जागा ठाऊक होती. ते समोरच्या थांब्यावरून बसमध्ये चढले, शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच खिडकीशी बसले. ओळखीचे रस्ते बसून बघितले की निराळेच दिसतात. अर्ध्या वाटेवर एक तरुण मुलगी गाडीत चढली, अंगावर तपासनिसाचा गणवेश. चेकरसाहेबांनी ती मागायच्या आतच तिकीट पुढे केलं. तिने एकदा पाहिलं, मान लववली आणि पुढे गेली. बस, एकदाच. त्यांनी स्वतः दोनदा पाहिलं असतं, तिकिटाची पाठही बघितली असती. पण मुलीचं काम काही चुकलं नव्हतं. पुढच्याच बाकावर एक विनातिकीट गडी तिने बरोबर पकडला.

शेवटच्या थांब्यावर बाग होती. तिथे बाकावर बसून त्यांनी केळी खाल्ली, एका अनोळखी माणसाशी गुडघेदुखीवर बोलले आणि भांड्याचा विचार करायचा नाही असं ठरवून दुपारभर भांड्याचाच विचार केला. परतीच्या बसमध्ये त्यांना डुलकीसुद्धा लागली.

चहाच्या वेळेला ते जिन्याशी पोचले आणि जागीच थांबले. वास! कांदा, मिरी, हाडाचा रस्सा यांचा दाट, मऊ वास जिनाभर पसरला होता. तोच वास, जो रात्री थकून आलेल्या माणसाला जिन्यातच गाठायचा. वर जायच्या आधी त्यांनी बटणांच्या डब्यातून किल्ली घेतली. टेलरवहिनी मशीनवरून मान वर न करताच म्हणाल्या, "जिंकलात, भाऊजी! वासच सांगतोय."

घरात भांडं नेटाने काम करत होतं. झाकणाखाली बुडबुडे येत होते. काचेतूनही दिसत होतं, की मानेचं मटण हाडापासून सुटायला आलं आहे. चेकरसाहेबांनी झाकण उघडलं नाही. पाहुणे यायला अजून वेळ होता. ते गुणगुणत आतल्या खोलीत कपडे बदलायला गेले, आणि सदऱ्याचं एक बटण काढून तसेच थांबले.

बायकोच्या उशाशी तिचा जुना रेडिओ होता, त्यातच घड्याळ असलेला. घड्याळाचे हिरवे आकडे मिचमिच करत होते आणि भलतीच वेळ दाखवत होते. वीज जाऊन आली की ते घड्याळ असंच करायचं. सकाळी कपडे घालताना त्यांनी ते बघितलं होतं. तेव्हा ते बरोबर होतं.

चेकरसाहेब पलंगावर बसले. मग बटण न लावताच खाली गेले.

"वहिनी, आज वीज गेली होती?"

"गेली होती की. तुम्ही कोपऱ्यावर वळलात न वळलात, तोच गेली. मी आपली हातशिलाई करत बसले. दुपारच्या जेवणाला बसले, तेव्हा कुठे आली." एवढं बोलल्यावर वहिनींच्या ध्यानात आलं. मशीन थांबलं. "अगं बाई! तुमची गोगलगाय!"

खुंटीचं भांडं ते. वीज गेली तशी मुकाट बंद पडलं आणि आली तशी मुकाट सुरू झालं. मधला सगळा वेळ ते मटण कोमट पडून होतं.

"मला सुचलंच नाही हो," वहिनींचा चेहरा उतरला. "किल्ली तर माझ्याकडेच होती."

"तुमचा काय दोष? राखणीला थोडंच ठेवलं होतं तुम्हाला."

मग वहिनी खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "पण भाऊजी, आता तर उकळतंय ना? माझ्या गॅसवर ठेवून आणखी खळखळून उकळा. वास बघा कसा सुटलाय! आणि आज काय ठरलंय ते विसरू नका. घर जाईल तुमचं. नाही सांगितलं, तर कुणाला कळतंय?"

कुणाला कळतंय! हे शब्द चेकरसाहेबांनी किती जणांच्या तोंडून ऐकले होते, त्याला गणती नव्हती. एकच थांबा तर आहे साहेब. आज पहिलीच वेळ आहे साहेब. सोडा ना, कुणाला कळतंय. कधी हात जोडून, कधी डोळ्यांत पाणी आणून. ते ऐकताना त्यांना नेहमी राग यायचा. आज पहिल्यांदा कळलं, की असं म्हणणाऱ्यावर काय वेळ आलेली असेल.

ते वर आले आणि भांड्यासमोरच्या खुर्चीत बसले. खिडकीतून बसथांबा दिसत होता. कट्ट्यावरच्या रंग गेलेल्या दोन जागा दिसत होत्या. महिनाअखेर ही खिडकी दुसऱ्या कुणाची तरी होईल. लेक वाईट नव्हती, जावई तर सोन्यासारखा. पण तिथल्या मागच्या खोलीतून भिंत दिसायची. फोन करून आधीच सांगावं, असं एकदा मनात आलं. पण मग लेक स्वतःच डबा भरून आणेल आणि परीक्षा तिथेच संपेल. त्यापेक्षा समोर उभं राहून सांगू. आणि न सांगता मटण वाढलं तर? बहुतेक काही होणारही नाही. बहुतेक. नात पिल्लू पाच वर्षांची होती आणि नळीतला मगज चोखून खायला तिला फार आवडायचं.

चेकरसाहेब उठले. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि भांड्याकडे बघून, जुन्या आवाजात, म्हणाले, "तिकीट नाही ना? मग उतरा."

झाकण उघडल्यावर वाफ चष्म्यावर आली. त्यांनी चाखलं नाही. भांडं निवल्यावर सगळं दोन जाड पिशव्यांत बांधून ते स्वतः खाली कचऱ्याच्या पिंपात टाकून आले. इतका सुंदर वास आयुष्यात त्यांनी कधी फेकला नव्हता. मग भांडं गरम पाण्याने घासलं, पालथं घातलं, आणि रडू येतंय असं वाटलं म्हणून घाईघाईने बेकरीत गेले.

संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा टेबलावर ताजा पाव, लोणी, टोमॅटो-काकडीचे काप आणि टेलरवहिनींच्या शेगडीवर उकडलेली अंडी मांडलेली होती. लेकीने दारातच नाक वर करून हवा हुंगली.

"बाबा, वास येत नाहीये."

"मटण नाही," चेकरसाहेब उभ्यानेच म्हणाले. "केलं होतं. झालंही होतं छान. पण मी बाहेर असताना वीज गेली. टाकून दिलं."

"बाहेर? तुम्ही बाहेर कशाला गेलात?"

"घरात असतो तर झाकण उघडलं असतं."

जावयाने पटकन तोंड वळवलं. त्याचे खांदे हलत होते. लेक मात्र हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पालथ्या भांड्याला हात लावून आली. मग म्हणाली, "किती वेळ गेली होती वीज?"

"वहिनींची साक्ष आहे. आणि आत पुरावा आहे. मी हात लावलेला नाही."

ते तिला आतल्या खोलीत घेऊन गेले नाहीत; ती आपणच गेली. आईच्या उशाशी आकडे अजून मिचमिचत होते. ती बराच वेळ तिथे उभी होती. चेकरसाहेब दाराशी येऊन थांबले.

"म्हणजे तुम्ही आलात तेव्हा भांडं चालू होतं," ती म्हणाली. "गरम होतं."

"उकळत होतं."

"हे घड्याळ तुम्ही नीट केलं असतं, तर मला कधी कळलंही नसतं."

"नसतं कळलं."

"आणि आज काय ठरलं होतं, ते माहीत होतं तुम्हाला."

"माहीत होतं," चेकरसाहेब म्हणाले. "पण तुझी पोर जेवणार होती. सामान बांधायला घेतो उद्या. तेवढी ती स्वयंपाकघरातली खिडकी..."

लेक वळली. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती हसत होती. "बाबा, डेअरीत नवीन माणूस घेताना आम्ही काय बघतो, सांगू? त्याला सगळं येतं का, ते नाही बघत. ते शिकवता येतं. संशय आला की टँकर परत पाठवायची हिंमत त्याच्यात आहे का, ते बघतो. अख्खं नुकसान दिसत असताना." तिने नाक पुसलं. "मला वाटत होतं, तुम्हाला आता धोका कळेनासा झालाय. तेवढीच भीती होती मला."

"मग?"

"मग काय? पिल्लूची खेळणी हॉलमध्ये फार पायात येतात. परत मागच्या खोलीत ठेवते."

एवढं बोलून ती पलंगाच्या कडेवर बसली, रेडिओ मांडीवर घेतला आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत घड्याळ लावू लागली. बाहेरून पिल्लूचा आवाज आला, "आजोबा, माझ्या अंड्याला नळी का नाही?" आणि जावई पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. चेकरसाहेबांनी चहा घेतला. फोन वाजला नाही. त्यांनी तो कानाला लावून बघितला, उलटा करून बघितला, शेवटी खाली जाऊन टेलरवहिनींना त्यावर फोन करायला लावला. फोन ठणठणीत होता.

मग ते मटणाच्या दुकानात गेले. कांदे, बटाटे, मान, नळ्या. खुंटी मोठ्यावर, मग लहानवर. या वेळी त्यांनी किल्ली कुणाला दिली नाही. दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून, कट्ट्यावरच्या त्या दोन जागांवर कोपरं टेकून बसले. समोर बस यायच्या, जायच्या. भांडं पाठीमागे आपल्या गतीने चाललं होतं. दोनदा ते उठले, झाकणापर्यंत गेले, काचेवरचे थेंब बघितले आणि परत येऊन बसले.

दिवे लागायच्या सुमारास त्यांनी झाकण उघडलं. काटा टोचायची गरजच पडली नाही. पळी लागताच मटण हाडावरून सुटलं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"शिजलं," ते म्हणाले.

"मऊ?"

"तुझ्या आईसारखं नाही. पण मऊ."

मग लेक म्हणाली, "मी दिवसभर फोन केला नाही. हात शिवशिवत होता नुसता."

"कळतं मला," चेकरसाहेब म्हणाले. "सवय होईल."

फोन ठेवून त्यांनी एका वाडग्यात दोन नळ्या आणि रस्सा काढला, वर बशी झाकली आणि बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं. एकदा ओढून बघितलं. मग वाडगा दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून एकेक पायरी जपून उतरत, ते टेलरवहिनींकडे निघाले.